खडकासोबत आलेला रहिवासी

फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यापासून आत, मेक्सिकोच्या आखातात, समुद्रतळाचे काही पट्टे भाड्याने दिलेले आहेत. तिथे दगडांची शेती होते. जमिनीवरच्या खाणीतला सच्छिद्र चुनखडक बोटीने नेऊन वाळूवर उतरवतात आणि वर्ष-दोन वर्षे, कधी त्याहून जास्त काळ, तसाच राहू देतात. बाकीचे काम समुद्र करतो. दगडावर गुलाबी-जांभळ्या शैवालाचा चुनखडी थर चढतो, स्पंज धरतात, भेगांमधून ब्रिटल स्टारचे बारीक हात डोकावू लागतात. पाण्यात तरंगणाऱ्या असंख्य अळ्या कुठेतरी टेकायला जागा शोधत असतात. त्यांतच असते मँटिस श्रिंपची अळी. पारदर्शक शरीराने ती बराच काळ प्रवाहाबरोबर भटकलेली असते आणि आता तिला एक भोक हवे असते.

नैसर्गिक प्रवाळभागातला खडक तोडून विकण्यावर तिथे १९९० च्या दशकात बंदी आली आणि ही शेती वाढली. तयार झालेला खडक वर काढतात, ओला ठेवून खोक्यात भरतात आणि तो शेकडो मैलांवरच्या एखाद्या दिवाणखान्यात, रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळांच्या मत्स्यालयात, उतरतो. भोकातला प्राणी त्याच्यासोबत येतो. त्याने घर सोडलेलेच नसते. त्याचे घर आपण विकत घेतलेले असते. टँकमध्ये मँटिस श्रिंप सापडल्यावर काय करायचे, याचा विचार इथून सुरू करायला हवा.

खडक जिवंत कशाने होतो

या खडकाला जगभर लाइव्ह रॉक म्हणतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो आणि तो माशांना घातक असतो. खडकाच्या पृष्ठभागावरचे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. आतल्या बारीक छिद्रांत, जिथे प्राणवायू जवळजवळ पोचत नाही, तिथे दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्रेटचे रूपांतर नायट्रोजन वायूत करतात. म्हणून चांगला लाइव्ह रॉक हा खाऱ्या पाण्याच्या टँकचा मुख्य फिल्टर असतो.

ज्या पोकळ्यांमुळे खडक फिल्टर म्हणून काम करतो, त्याच पोकळ्यांत प्राणीही राहतात. ब्रिसल वर्म, खेकड्यांची पिल्ले, आयप्टेशिया नावाचे उपद्रवी समुद्रफूल, पिस्तूल श्रिंप आणि मँटिस श्रिंप हे सगळे त्या एकाच वस्तीतले. आखातातल्या खडकातून येणाऱ्या मँटिस श्रिंपमध्ये निओगोनोडॅक्टायलस वेनेरी ही जात वारंवार आढळते. ती बोटाएवढीच, साधारण पाच-सहा सेंटिमीटरची असते. रंगाचा भरवसा नाही: हिरवा, तपकिरी, करडा, असा कोणताही.

नावात श्रिंप असले तरी हा प्राणी कोळंबीच्या जवळच्या नात्यातला नाही. कोळंबी, खेकडे आणि शेवंड एका गणात येतात, तर मँटिस श्रिंप स्टोमॅटोपोड या वेगळ्या गणात. या गणात साडेचारशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांची शाखा कोट्यवधी वर्षांपूर्वीच वेगळी झाली.

टकटक कुणाची?

बहुतेक वेळा त्याची पहिली चाहूल कानाला लागते. टँकमधून कट् असा आवाज येतो. मात्र प्रत्येक असा आवाज मँटिस श्रिंपचा नसतो. पिस्तूल श्रिंप आपली मोठी नांगी झटक्यात मिटतो तेव्हाही मोठा कट् होतो आणि त्यासाठी त्याला कशावर आपटावे लागत नाही. मँटिस श्रिंपचा आवाज दगडावर किंवा शिंपल्यावर ठोकल्यासारखा असतो, आणि तो भोक मोठे करत असेल किंवा गोगलगाय फोडत असेल तर लागोपाठ येतो. आवाजावरून ओळख पक्की होत नाही, फक्त शंका घेता येते. पिस्तूल श्रिंप बहुधा निरुपद्रवी असतो. घाईत त्याचा बळी जाऊ नये.

दुसरी खूण म्हणजे शंखांचे तुकडे. टँक साफ ठेवण्यासाठी सोडलेल्या गोगलगायी आणि हर्मिट खेकडे एकेक करून कमी होऊ लागतात आणि एखाद्या भोकाच्या तोंडाशी फुटलेल्या कवचांचा ढीग दिसतो. मासा नाहीसा झाला म्हणून लगेच मँटिस श्रिंपवर आळ घेऊ नये. आजारपण, उडी मारून बाहेर पडणे, दुसऱ्या माशाचा त्रास ही कारणे कितीतरी जास्त वेळा खरी ठरतात.

खात्री डोळ्यांनीच करावी. गोनोडॅक्टायलिड कुळातल्या अनेक जाती दिवसा फिरतात आणि रात्री दगडगोटे लावून दार बंद करतात. म्हणून मध्यरात्री विजेरी घेऊन बसण्यापेक्षा सकाळी दिवे लागताना आणि संध्याकाळी ते मालवण्याआधी शांत बसून पाहणे जास्त उपयोगी. भोकात देठांवर बसवलेले दोन डोळे दिसतील. दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र, वेगवेगळ्या दिशांना वळत असतील, तर शंकेला जागा उरत नाही.

आपण त्याला पाहण्याआधी त्याने आपल्याला पाहिलेले असते. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. मँटिस श्रिंपच्या अनेक जातींत त्यासाठी बारा प्रकारचे प्रकाशग्राहक असतात आणि त्यांतले काही अतिनील प्रकाशासाठी असतात. वर्तुळाकार ध्रुवीकृत प्रकाशही त्यांना ओळखता येतो, हे २००८ मध्ये दाखवले गेले. पण इतके ग्राहक असूनही जवळजवळच्या रंगछटांमधला फरक त्यांना माणसाइतका कळत नाही, असे २०१४ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. छटा बारकाईने तोलत बसण्याऐवजी रंग झटकन ओळखण्याकडे या डोळ्यांचा कल असावा, असा संशोधकांचा अर्थ आहे.

ठोसा

मँटिस श्रिंपचे ढोबळ दोन गट पडतात. एक भाला मारणारे. त्यांच्या शिकारी पायाच्या टोकाला काटेरी फणी असते आणि ते मासे, कोळंबी अशी मऊ शिकार पकडतात. दुसरे ठोसा मारणारे. त्यांच्या पायाचे कोपर फुगीर आणि टणक असते आणि ते कवचे फोडतात. लाइव्ह रॉकमधून बहुधा दुसऱ्या गटातले प्राणी येतात, कारण टणक खडकातली भोके हेच त्यांचे घर. भाला मारणाऱ्या बहुतेक जाती वाळूत किंवा चिखलात बीळ करतात, पण स्यूडोस्क्विला सिलिएटासारखी एखादी जात खडकासोबतही येऊ शकते. म्हणून शिकारी पायाचे टोक नीट पाहावे. टँकमधल्या कोणाला धोका आहे, ते त्यावर ठरते.

ठोशाचे गणित शीला पाटेक, वायट कॉर्फ आणि रॉय कॉल्डवेल यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत उलगडले. त्यांचे निष्कर्ष २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये आले. मोरपंखी रंगांच्या ओडोन्टोडॅक्टायलस स्किलारस या मोठ्या जातीत पायाचा वेग सेकंदाला १४ ते २३ मीटर मोजला गेला, तोही पाण्याचा अडथळा असताना. एवढा वेग नुसत्या स्नायूंना जमत नाही. स्नायू आधी हळूहळू आवळतात, पायातला खोगिराच्या आकाराचा कवचाचा भाग वाकवतात आणि खिटीने तो ताण धरून ठेवतात. खिटी सुटली की साठलेली सगळी शक्ती एका झटक्यात बाहेर पडते, धनुष्याची दोरी सुटावी तशी.

पुढच्या वर्षी पाटेक आणि कॉल्डवेल यांनी या ठोशाचा जोर मोजला. तो १५०० न्यूटनपर्यंत गेला, म्हणजे साधारण दीडशे किलो वजनाइतका, प्राण्याच्या स्वतःच्या वजनाच्या हजारो पट. शिवाय प्रत्येक ठोशात दोन आघात असतात. पाय इतक्या वेगाने आदळतो आणि उसळतो, की मधल्या पाण्यात बाष्पाचे बुडबुडे तयार होतात. ते अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत फुटतात आणि दुसरा धक्का देतात.

घराची राखण

त्याला टँकमधून काढणे एवढे अवघड का जाते, याचे उत्तर त्याच्या घराच्या ओढीत आहे. प्रवाळभागात योग्य मापाच्या पोकळ्या मोजक्याच असतात. पोकळी मिळाली तर शिकाऱ्यांपासून बचाव, कात टाकायला जागा, अंडी सांभाळायला जागा. नाही मिळाली तर मरण. म्हणून या प्राण्यांचे बरेचसे आयुष्य घर मिळवण्यात आणि राखण्यात जाते.

कॉल्डवेल यांनी १९७९ मध्ये दाखवले, की ओळखीच्या प्रतिस्पर्ध्याचा वास पाण्यात आला तर मँटिस श्रिंप वेगळा वागतो. म्हणजे मागच्या लढतीतला गडी त्याच्या लक्षात राहतो. कात टाकल्यावर त्याचे कवच मऊ असते आणि ठोसा मारणे त्याला धोक्याचे असते. अशा काळातही निओगोनोडॅक्टायलस ब्रेडिनी ही जात घराच्या दारात येऊन शिकारी पाय पसरून धमकावते, असे स्टेगर आणि कॉल्डवेल यांनी १९८३ मध्ये नोंदवले. ताकद नसताना केलेला हा आव समोरच्याला पुष्कळदा मागे परतवतो.

दोन मँटिस श्रिंप भांडतात तेव्हा ते बहुतेक ठोसे एकमेकांच्या शेपटाच्या ढालीवर घेतात. निओगोनोडॅक्टायलस वेनेरीच्या ढालीवरचा २०१० चा अभ्यास सांगतो, की ही ढाल आघाताच्या ऊर्जेचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जिरवते. तीच ढाल भोकाचे बूच म्हणूनही कामी येते. खडक पाण्याबाहेर काढला तरी प्राणी बाहेर पडत नाही. आत आणखी घट्ट बसतो.

काचेची भीती

मँटिस श्रिंप टँकची काच फोडतो, हे वाक्य प्रत्येक छंदिष्टाच्या कानावर आलेले असते. त्यात तथ्य आहे. १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या ग्रेट यार्मथच्या सी लाइफ सेंटरमध्ये टायसन नावाच्या मँटिस श्रिंपने टँकची पाव इंच जाडीची काच फोडली आणि ती बातमी गाजली. पण तो मोठ्या जातीचा प्राणी होता. खडकासोबत आलेला बोटभर लांबीचा प्राणी नेहमीच्या जाडीच्या मोठ्या टँकची काच फोडील, अशी शक्यता फारच कमी असते. पातळ काचेचा लहान टँक असेल किंवा प्राणी दहा-बारा सेंटिमीटरचा असेल, तर अॅक्रिलिकचा टँक घेणे शहाणपणाचे.

बोटाला मात्र खरा धोका आहे. लहान प्राण्याचा ठोसाही कातडी फाडू शकतो. त्याच्या भोकाजवळ उघड्या हाताने काम करू नये आणि खडक उचलताना जाड हातमोजे घालावेत.

आधी ठरवा, मग हात घाला

काढायचा की ठेवायचा, हे टँकमध्ये कोण राहते त्यावर ठरते. टँकमध्ये नुसते प्रवाळ आणि वरच्या पाण्यात फिरणारे मासे असतील, तर लहान मँटिस श्रिंप वर्षानुवर्षे फारसे नुकसान न करता राहू शकतो. गोगलगायींची भरती करत राहावी लागते, एवढेच. तळाशी राहणारे गोबीसारखे लहान मासे, शोभेच्या कोळंब्या किंवा महागडे खेकडे असतील, तर त्याला वेगळे करावेच लागते.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे त्याचा खडकच उचलणे. काही दिवस पाहून नेमका कोणता दगड, कोणते भोक, हे पक्के करावे. मग तो दगड अलगद उचलून टँकच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत ठेवावा. बादलीत हीटर आणि पाणी खेळते ठेवणारा छोटा पंप असला, की घाई करण्याचे कारण राहत नाही. पुष्कळदा प्राणी भुकेने किंवा नव्या जागेच्या शोधात आपणहून बाहेर येतो.

तो बाहेर येत नसेल तर दगड बादलीवर धरून भोकाचे तोंड खाली करावे आणि आतले पाणी निथळू द्यावे. तेवढ्यानेही निघाला नाही, तर साधे, चव किंवा रंग नसलेले सोडा वॉटर सुई नसलेल्या सिरिंजने भोकात थोडे सोडतात. त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने कासावीस होऊन तो बाहेर पडतो. हे टँकच्या आत करू नये, कारण भोकातल्या इतर जिवांनाही त्याचा त्रास होतो. बाहेर पडलेल्या प्राण्याला लगेच स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवावे.

दगड सिमेंटने किंवा गोंदाने जोडलेला असेल आणि उचलता येत नसेल, तर सापळा लावावा. प्लास्टिकच्या बाटलीचे तोंडाकडचे टोक कापून उलटे आत बसवायचे आणि आत कोळंबीचा तुकडा ठेवायचा. हा प्राणी सापळ्याला सहज बळी पडत नाही, त्यामुळे दिवसांचा नाही तर आठवड्यांचा धीर लागतो.

काही गोष्टी अजिबात करू नयेत. भोक गोंदाने बुजवू नये. प्राणी आत मरतो, कुजतो आणि अमोनिया वाढवतो. तांबे असलेले औषध टँकमध्ये घालू नये. ते प्रवाळ, गोगलगायी, कोळंब्या सगळ्यांनाच मारते. आणि खडक कधीही उकळू नये. खडकावर झोअँथिड जातीचे प्रवाळ असू शकतात, त्यांतल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असते आणि उकळताना ते वाफेबरोबर श्वासात जाते. अशा वाफेने घरातली माणसे रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत.

त्याच्यासाठी वेगळा टँक

पकडलेला प्राणी मारून टाकणे हा शेवटचा उपाय, आणि तो सहसा लागत नाही. पाच-सहा सेंटिमीटरच्या जातीला वीस ते चाळीस लिटरचा टँक पुरतो. तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस, क्षारता समुद्राच्या पाण्याएवढी म्हणजे हजारी ३५ भाग, एक साधा फिल्टर आणि आठवड्याला थोडे पाणी बदलणे, एवढी व्यवस्था हवी. भोक असलेला दगड किंवा त्याच्या शरीराहून किंचित रुंद पीव्हीसी नळीचा तुकडा घर म्हणून द्यावा आणि दार बांधायला दगडगोट्यांचा चुरा. झाकण घट्ट असावे आणि टँकमध्ये दुसरा कोणी नसावा.

खायला जिवंत गोगलगायी, लहान खेकडे, शिंपल्याचे किंवा कोळंबीचे गोठवलेले तुकडे द्यावेत. कवच फोडणे ही त्याची सवय आणि गरज आहे, म्हणून नुसत्या मऊ तुकड्यांवर ठेवू नये. निओगोनोडॅक्टायलस ब्रेडिनीवर २०१८ मध्ये झालेल्या अभ्यासात दिसले, की शंखाचा आकार पाहून हा प्राणी ठोसा मारण्याची जागा बदलतो: काही शंखांचे तोंड फोडतो, काहींचे टोक. असा प्राणी समोर असताना तो काय करतो, हे टिपून ठेवणारा छंदिष्ट पुष्कळ काही शिकतो.

अधूनमधून तो दार लावून दिवसेंदिवस दिसत नाही आणि खातही नाही. बहुधा त्याने कात टाकलेली असते. तो मेला असे समजून दगड उपसू नये. मऊ कवच टणक व्हायला वेळ लागतो, तोवर त्याला एकटे सोडावे.

समुद्रात सोडू नका

प्राण्याला समुद्रात सोडून देणे दयेचे काम वाटते, पण तो जिथला आहे त्याच पाण्यात तो जाणार नसेल, तर ते मोठे नुकसान करू शकते. हवाई बेटांवर विसाव्या शतकाच्या मध्यात पश्चिम पॅसिफिकमधला गोनोडॅक्टायलस फाल्केटस हा मँटिस श्रिंप पोचला आणि प्रवाळाच्या पोकळ्यांमधून तिथल्या स्यूडोस्क्विला सिलिएटाला हुसकावू लागला. १९६८ च्या एका अभ्यासात ही अदलाबदल सविस्तर नोंदली आहे. फ्लोरिडाच्या समुद्रात १९८५ मध्ये पहिल्यांदा दिसलेला लायनफिश हा हिंदी-पॅसिफिक महासागरांतला मासा. तो मत्स्यालयांच्या व्यापारातून सुटला असे मानले जाते आणि आज तो कॅरिबियनभर पसरला आहे. प्राणी आपल्याकडे ठेवणे शक्य नसेल, तर तो सांभाळू शकणाऱ्या दुसऱ्या छंदिष्टाला द्यावा किंवा महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात विचारावे.

खडक घेण्याआधी

मँटिस श्रिंप आपल्या किनाऱ्यालाही अनोळखी नाही. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यांत कोळंबीसोबत स्क्विला मोठ्या प्रमाणावर येतो. तो भाला मारणारा, चिखलात बीळ करणारा. पुष्कळसा माल खतासाठी किंवा फिशमीलसाठी जातो. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो अभ्यासक्रमातून ओळखीचा असतो.

भारतात समुद्रातून उचललेला प्रवाळखडक टँकमध्ये ठेवणे बेकायदा आहे. खडक बांधणारे सगळे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात आहेत. लक्षद्वीप असो, मन्नारचे आखात असो की मालवण, तिथला प्रवाळ तोडणे आणि विकणे गुन्हा आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावरही साइट्स कराराचे नियंत्रण आहे. विक्रेत्याने खडक कुठून आला ते कागदपत्रांसह सांगितले नाही, तर तो घेऊ नये. मुंबई-पुण्यातल्या छंदिष्टांसाठी कोरडा खडक किंवा सिरॅमिकचे कृत्रिम खडक हा सरळ मार्ग आहे. त्यात जिवाणू वसायला काही आठवडे लागतात, पण न बोलावलेले प्राणी येत नाहीत आणि कोणत्याही प्रवाळभागाचा लचका तोडावा लागत नाही.

जिथे शेतीतला लाइव्ह रॉक कायदेशीरपणे मिळतो, तिथे राहणाऱ्यांनी तो थेट मुख्य टँकमध्ये टाकू नये. हीटर आणि पंप लावलेल्या वेगळ्या टबात तीन-चार आठवडे ठेवावा, रोज पाहावा, ऐकावा, कोण कोण बाहेर येते ते लिहून ठेवावे. नको असलेले प्राणी तिथेच वेगळे करता येतात आणि प्रत्येकासाठी शांतपणे निर्णय घेता येतो.

ज्याला फक्त रंगीत मासे हवेत, त्याने कोरड्या खडकावर समाधान मानावे. त्यात काही कमीपणा नाही. ज्याला समुद्राचा जिवंत तुकडा घरात हवा आहे, त्याने त्यातल्या रहिवाशांची जबाबदारीही घ्यावी. मँटिस श्रिंप त्यांतला सगळ्यात बलवान आणि कदाचित सगळ्यात हुशार. त्याला ओळखण्याइतका वेळ आणि स्वतंत्र राहण्याइतकी जागा देणे कोणत्याही छंदिष्टाच्या आवाक्यात आहे, आणि लाइव्ह रॉकची किंमत मोजताना हा खर्च आधीच त्यात धरायला हवा.